गालांची बांधबंदिस्ती

माणसाचा चेहरा म्हणजे त्याच्या आयुष्याचा सातबारा. त्यात खाडाखोड करू नये, केली तर ती परमेश्वराच्या दप्तरी गुन्हा म्हणून नोंदली जाते, असं पुंडलिकराव चिरडे यांचं ठाम मत होतं. उभ्या हयातीत ते त्यांनी अनेकांना ऐकवलं होतं. ज्या सकाळी त्यांनी दारव्ह्याच्या बाजारातून गालाला लावायची तपकिरी भुकटी आणि ती फासायचा ब्रश विकत आणला, त्या सकाळीसुद्धा निघण्याआधी चहा पिता पिता ते बायकोला, विजयमालाबाईंना, हेच सांगत होते.

पुंडलिकराव कृषी खात्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. नोकरी सगळी डोंगरउतारावर गेली. जिथे जिथे पाणी पळत सुटायचं तिथे तिथे ते आडवे उभे राहायचे आणि मजुरांकडून उताराला आडवे बांध घालून घ्यायचे. या आडव्या बांधाला खात्यात कंटूर म्हणतात. कंटूर हा शब्द पुंडलिकराव असा उच्चारत, जसा दुसरा एखादा माणूस कुलदैवताचं नाव घेतो. ऊन, वारा आणि वरिष्ठ हे तिन्ही त्यांनी अंगावर घेतले. पण या तिघांनाही त्यांच्या गालांचं काही बिघडवता आलं नाही. ते गाल गोल होते, भरलेले होते आणि त्यांच्यावर बारा महिने एक समाधानी तुकतुकी असायची. सुकाळात असे गाल शोभतात.

पण ते साल सुकाळाचं नव्हतं. २०१७ची दिवाळी उलटली आणि यवतमाळ जिल्ह्यात ज्यानं त्यानं आपल्या वावरातलं बोंड फोडून पाहिलं. बाहेरून हिरवंगार, आतून पोखरलेलं, आणि मधोमध घरमालकासारखी पसरलेली गुलाबी अळी. पुंडलिकराव तेव्हापासून कोणी न बोलावता, कोणी न पाठवता गावोगाव जाऊन एकच गोष्ट सांगत होते. शेवटची वेचणी झाली की कपाशीची उभी पऱ्हाटी उपटा. तीच झाडं उभी ठेवून, पाणी देऊन पुन्हा चार बोंडं काढायची, म्हणजे फरदड घ्यायची, तर अळीची पुढच्या सालापर्यंत राहायची-जेवायची सोय होते. यंदा पऱ्हाटी उभी राहिली तर पुढच्या साली कोणाच्याच घरात कापूस येणार नाही हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. मात्र ही बातमी गालांपर्यंत पोचलेली नव्हती.

पहिला घाव दारव्ह्याजवळच्या एका गावात बसला. पारावर पंचवीसेक माणसं जमली होती. पुंडलिकराव अळीच्या कोषावस्थेपर्यंत आले होते, तेवढ्यात मागून कोणीतरी शांतपणे म्हणालं, "साहेबाचे गाल पाहा ना बावा. आपल्या वावरातली अळी बी एवढी नाई पोसली."

पार हसला. सभा संपल्यावर गावातला देवराव त्यांना प्रवासी जीपपर्यंत सोडायला आला. माणूस भला. तो म्हणाला, "साहेब, मनावर नका घेऊ. तुम्ही सांगता ते खरंच हाय. पण ऐकता ऐकता ध्यान गालाकडंच जाते."

पुंडलिकराव त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तूप सोडलं, तिसऱ्या दिवशी भात सोडला. पोट आत गेलं, पँट ढिली झाली, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकायला लागलं. गाल होते तिथेच. उलट बाकीचा माणूस कमी झाल्यामुळे ते आणखी उठून दिसू लागले.

अशा वेळी शेजारी असतातच. समोरच्या धनीबाईंनी दाढी वाढवायला सांगितलं. दाढी वाढवली, तर ती पांढरीशुभ्र निघाली आणि भरल्या गालांभोवती अशी काही शोभली, की बसस्टँडवर दोन बायकांनी त्यांच्या पाया पडून मुलीच्या लग्नाचा योग विचारला. दाढी त्याच दिवशी उतरवली. मग भीमराजभाऊ आले. हे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले, आणि गाड्या नसल्या तरी वाहतूक नियंत्रित करायची सवय सुटलेली नाही असे.

"दाढा काढून टाका," भीमराजभाऊंनी सांगितलं. "दोन्हीकडच्या मागच्या दाढा गेल्या का गाल आपोआपच अंदर जाते. माझ्या साळ्याचे गेले."

"त्यांनी कशासाठी काढल्या?"

"त्याच्या किडल्या होत्या. पण गाल तर गेले ना."

पुंडलिकरावांनी जिभेनं आपल्या दाढा एकदा चाचपून पाहिल्या. देशकार्यासाठी माणसानं किती द्यावं याचा ते खरोखर विचार करू लागले होते. इतक्यात कोपऱ्यात मोबाइल पाहत बसलेली त्यांची मुलगी सुरभी मान वर न करता म्हणाली, "बाबा, कंटूरिंग करा ना."

पुंडलिकरावांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "काय म्हणालीस?"

"कंटूरिंग."

सुरभी यवतमाळला ब्युटी पार्लरचा कोर्स करत होती आणि या पोरीला आपल्या खात्यातलं काही म्हणजे काही समजत नाही, ही त्यांची जुनी खंत होती. ती क्षणात धुऊन निघाली. सुरभीनं समजावून सांगितलं, की गालाच्या हाडाखाली गडद रंग लावला की तो भाग आत गेल्यासारखा दिसतो. वर फिकट लावला की हाड वर आल्यासारखं दिसतं. गाल जागेवरच राहतो, पण पाहणाऱ्याला बसलेला वाटतो.

"म्हणजे गालाचा उतार मोडायचा," पुंडलिकराव म्हणाले.

"मोडायचा नाही. उतार दाखवायचा."

"मोडायचा, बेटा. उतार दाखवून आजवर कोणाचं भलं झालेलं नाही."

पुढच्या आठवड्यात दारव्ह्यात एका शेतकरी मंडळाचा मोठा मेळावा होता. तालुकाभराची गावं येणार होती, आणि पुंडलिकरावांना बोलायला वेळ मिळाला होता. ते एक भाषण लागू पडलं तर पऱ्हाटी उपटली जाणार, नाही पडलं तर उभी राहणार. बापलेक बाजाराला निघाले.

बाबुलालचं दुकान म्हणजे बांगड्या, टिकल्या, मेंदी आणि नवरीच्या पेटीत जे जे लागतं ते सगळं. काउंटरवर बायकांची गर्दी होती. पुंडलिकराव हात मागे बांधून आत शिरले, जसे ते पूर्वी तपासणीला शिरायचे, आणि बाबुलालचा चेहरा उतरला.

"साहेब, बियाणं विकणं तर मी कवाचंच बंद केलं," तो हळूच म्हणाला.

"मी खरेदीला आलो आहे."

बाबुलालला हे जास्तच भीतीदायक वाटलं. त्यानं मुकाट्यानं डब्या मांडल्या. पुंडलिकराव एकेका डबीतली चिमूट अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळू लागले, मग नाकाशी नेऊ लागले. "ही बरड आहे. हिच्यात काही टिकायचं नाही. ही पोयट्याची, चांगली आहे, पण आपल्याकडची नाही. ही तांबूस. ही मुरमाड, निचरा उत्तम. ही द्या."

"बाबा, तांबूस-मुरमाड काही घेऊ नका," सुरभी म्हणाली. "गाल रापल्यासारखा दिसेल, बसल्यासारखा नाही. मातीचा रंग नको आपल्याला. सावलीचा पाहिजे."

"सावलीला रंग असतो?"

पुंडलिकरावांनी एक हात दुसऱ्या हातावर धरून खाली पडलेली सावली नीट पाहिली. शेजारी बांगड्या भरणाऱ्या बाईनंही आपला हात धरून पाहिला. बाबुलालनं पाहिला. थोडा वेळ दुकानात व्यवहार बंद होता. सावली राखट तपकिरी असते, यावर शेवटी एकमत झालं. बाबुलालनं एक चमकदार डबीही पुढे सरकवली, ही लावली की गाल चमकतात म्हणाला. पुंडलिकरावांनी ती दोन बोटांनी परत ढकलली. "यंदा चमकायचं साल नाही."

मग प्रश्न आला क्रीम की पावडर. क्रीम नीट पसरवावी लागते, वरून पावडरीनं बसवावी लागते, नाहीतर ओघळते, असं सुरभीनं सांगितलं.

"म्हणजे क्रीम ओलिताची आणि पावडर कोरडवाहू," पुंडलिकरावांनी निकाल दिला. "आपला जिल्हा कोरडवाहू. पावडर."

ब्रश निवडताना मात्र त्यांनी कोणाचंच ऐकलं नाही. जाड गोंडेदार ब्रश आला, पंख्यासारखा पसरलेला आला, तिरप्या कापाचा दाट केसांचा आला. सुरभीनं तिरपा उचलला. पुंडलिकरावांनी तो तिच्या हातातून घेतला आणि बियाण्याची उगवण तपासावी तसा केस ओढून पाहिला. केस हातात आला. दुसरा ओढला, तोही आला.

"केस गळतात याचे."

"साहेब, तुम्ही ओढून राह्यले म्हणून गळून राह्यले."

"लॉट नंबर कुठे आहे? तारीख? कुठे बनला हा?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

बाबुलालनं पाकीट उलटंसुलटं केलं. त्यावरची लिपी त्या दुकानात कोणालाच वाचता येत नव्हती. "अमरावतीच्या बी पलीकडं," तो म्हणाला.

बांगड्या भरणारी बाई एवढा वेळ दम धरून होती. ती सुरभीला म्हणाली, "लग्न जमलं वाटते तुझं. कुठचे लोक हायत?"

"नाही हो काकू. हे बाबांसाठी आहे."

बाईच्या हातातली बांगडी अर्ध्यावर थांबली. पुंडलिकरावांनी घसा साफ केला. "सार्वजनिक कामासाठी," ते म्हणाले. पण कोणत्याही सार्वजनिक कामाला एवढा मऊ ब्रश लागत नाही हे त्या बाईला माहीत होतं, आणि संध्याकाळपर्यंत ते दारव्ह्यातल्या बऱ्याच घरांना माहीत झालं. भीमराजभाऊ तर मुद्दाम येऊन म्हणाले, की दाढांचं पाहिलं असतं तर एवढी बदनामी झाली नसती.

मेळाव्याच्या सकाळी पुंडलिकराव खिडकीशी स्टुलावर बसले. सुरभीनं ब्रश पावडरीत बुडवला, झटकला, आणि कानापासून ओठाच्या कोपऱ्याच्या दिशेनं पहिली तिरपी रेघ ओढायला घेतली. पुंडलिकरावांनी तिचं मनगट धरलं.

"ही रेघ उतारावरून खाली चालली आहे."

"अशीच असते, बाबा."

"बेटा, माझ्या हाताखाली कोणी अशी रेघ मारली असती तर मी त्याला दिवसभर उन्हात उभं केलं असतं. कंटूर उताराला आडवा. मांडवात गर्दी असणार, मला घाम येणार. घाम या तुझ्या रेघेतून पळत सुटणार, ओघळ पडणार, ओघळीचा नाला होणार. आडवा बांध घाल. घाम अडवा, घाम जिरवा."

"ही टेकडी नाही. हा गाल आहे."

"तत्त्व एकच आहे."

वाद वाढत गेला. स्वयंपाकघरातून विजयमालाबाईंचा आवाज आला. "डावा गाल तिचा, उजवा तुमचा. अन् लवकर आटपा, मले पोळ्या कराच्या हायत."

तसंच झालं. डावा गाल सुरभीनं तिच्या पद्धतीनं केला. रंग वरच्या दिशेनं पसरवला, कडा पुसट केल्या, आणि तो गाल बघता बघता आत गेला. तिथे चार महिन्यांचा आजार येऊन बसला. उजव्या गालासाठी पुंडलिकरावांनी माळ्यावरून आपली जुनी पाणसळ काढली. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत ती गालावर धरली, आणि कानापासून नाकापर्यंत एक पक्का आडवा पट्टा मारून घेतला. एका बांधावर भागत नाही म्हणून खाली दुसरा. त्या दोन पट्ट्यांच्या कडा तरी पुसट कराव्यात म्हणून सुरभीनं ब्रश फिरवला, तेव्हा दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळून एक निळसर-तपकिरी डाग तयार झाला. पुंडलिकरावांनी आरशात उजवी बाजू निरखली. "शास्त्रशुद्ध," ते म्हणाले. विजयमालाबाई डाव्या बाजूनं आल्या, थबकल्या, म्हणाल्या, "माय, किती वाळले तुम्ही," आणि लगेच आत गेल्या. कदाचित त्यांचे डोळे भरून आले होते, कदाचित तवा तापला होता.

मंगल कार्यालयाच्या दारात मंडळाचा एक कारकून वक्त्यांची ओळख तपासत होता. त्यानं पुंडलिकरावांचं निवृत्तिवेतनाचं ओळखपत्र घेतलं, फोटो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे कार्ड तुमचं नाई."

"माझंच आहे."

"यातला माणूस खाऊनपिऊन सुखी हाय. तुम्ही कोण?"

"मी तोच आहे."

"मंग गाल फुगवून दाखवा."

पुंडलिकरावांनी आजवर पाच जिल्हाधिकाऱ्यांसमोर मान ताठ ठेवली होती. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मागे रांग लागली होती. त्यांनी गाल फुगवले. कारकुनानं कार्ड त्यांच्या कानाशी धरून मिळवून पाहिलं आणि म्हणाला, "थोडे आखीन." त्यांनी थोडे आणखी फुगवले. "आता जुळते. जा."

मांडव भरला होता. पुंडलिकराव माइकपुढे उभे राहिले, आणि त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी तोंड उघडण्याआधीच सभा शांत झाली. डाव्या गालाच्या बाजूला बसलेल्यांना एक खंगलेला माणूस दिसत होता. गेल्या महिन्यात कसा होता अन् काय झालं बिचाऱ्याचं, अशी कुजबुज तिकडे सुरू झाली. उजव्या गालाच्या बाजूला बसलेल्यांना, कोणीतरी नुकताच ठोकलेला माणूस दिसत होता. खरं बोलते म्हणून बियाण्यावाल्यानं मारलं असन, अशी कुजबुज इकडे सुरू झाली. पुंडलिकरावांना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्यांना वाटलं, अखेर शास्त्राचा विजय होत आहे. ते कोषावस्थेच्याही पुढे गेले. कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग उजव्या बाजूनं देवराव उभा राहिला. "साहेब, तुमाले कोणी काई केलं असन तर नाव सांगा. भ्याचं काम नाई. आमी हाओ."

प्रश्न अलंकारिक आहे असं पुंडलिकरावांना वाटलं. "नाव सांगतो," ते गंभीरपणे म्हणाले. "गुलाबी बोंडअळी."

मांडवातून एक निःश्वास गेला. डावीकडून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "माणसाले बी लागते काय ते?"

"लागते," पुंडलिकराव म्हणाले. ते आता भरात आले होते. "ज्यानं ज्यानं फरदड घेतली, त्याच्या त्याच्या घराला लागते. लेकराबाळांना लागते. म्हणून हात जोडून सांगतो, पऱ्हाटी उपटा. कोण कोण उपटणार, हात वर करा."

डावी बाजू भीतीनं वर झाली आणि उजवी रागानं. एकही हात खाली नव्हता. पुंडलिकरावांनी त्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना वाटलं, सगळे डोंगरउतार, सगळी उन्हं आज फळाला आली.

ते खाली उतरले तेव्हा कोणी पाणी आणून दिलं, कोणी खुर्ची दिली, एकानं फडक्यात बांधलेली भाकर पुढे केली. अळीबद्दल मात्र कोणीच काही विचारेना. जो तो झोप लागते का, अन्न पचते का हेच विचारत होता. देवरावची म्हातारी आई, तुळसाबाई, गर्दीतून वाट काढत आली. तिनं दोन्ही हातांनी त्यांच्या गालांवरून हात फिरवले, मायेनं, खालपर्यंत. मग बोटं मोडायला हात मागे घेतले आणि आपल्या तळव्यांकडे पाहिलं. दोन्ही तळवे राखट तपकिरी झाले होते. तिनं पुंडलिकरावांकडे पाहिलं. पुंडलिकरावांनी जमिनीकडे पाहिलं. म्हातारीनं तळवे लुगड्याला पुसले, राहिलेली बोटं मोडली, आणि गावाकडच्या जीपकडे चालू लागली.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी साबणानं तोंड धुतलं. गाल पुन्हा जागेवर आले. जेवताना त्यांनी विजयमालाबाईंना विचारलं, की खरी गोष्ट खोट्या गालानं पटवली तर ती खरी राहते का. बाईंनी उलट विचारलं, आणखी पोळी घेता काय. त्यांनी घेतली. काहीही असो, पऱ्हाटी तर उपटली जाणार होती. त्या रात्री ते गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच देवराव दारात उभा. पुंडलिकराव लगबगीनं उठले. "या, या. उपटली?"

"उपटतो ना साहेब. उपटतोच." देवराव खुर्चीच्या कडेवर बसला. त्याच्या पायांना मातीचा कण नव्हता. "फक्त थोडे दिवस उभी ठेवा लागते. नुकसानीचा पंचनामा कराले साहेब लोक येऊन राह्यले. झाडं उपटली तर त्याईले काय दाखवाव? सगळ्या गावाचं तसंच ठरलं."

विजयमालाबाईंनी चहा आणला. देवरावनं तो बशीत ओतून संपवला, बशी खाली ठेवली आणि मान वर केली. उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, आणि पुंडलिकरावांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की देवरावचे गालही गोल आहेत, भरलेले आहेत, आणि त्यांच्यावर एक समाधानी तुकतुकी आहे.

"सगळं वावर खाल्लं अळीनं," देवराव हळू आवाजात म्हणाला. "एक बोंड धड नाई. पण मागच्या खेपेले पंचनाम्याच्या साहेबानं माह्याकडं पाह्यलं अन् म्हणे, तुमाले काय कमी हाय. आमच्या बुढ्याचे बी गाल असेच होते. नुकसान खरं हाय, साहेब. तोंडच साथ देत नाई."

"मग?"

"माय सांगत होती." तो थांबला. "ते डबी अन् तो बुरूस एका दिवसापुरता भेटन काय? अन् पोरीले घटकाभर पाठवा." तो उठला, टोपी नीट केली आणि दारातून वळून म्हणाला, "फक्त तिले सांगजा, डाव्या गालावानी करून दे म्हणा. उजव्यावानी नको."